वाचक विचारतात : बफर मोठा केला, तरी वेग का पडला?

टीसीपीच्या विंडोवर (पोच येण्याआधी किती डेटा पाठवायचा याची घेणाऱ्याने सांगितलेली मर्यादा) या सदरात लिहिलं तेव्हापासून सॉकेट बफरबद्दल, म्हणजे जोडणीच्या टोकाला ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा (कर्नल) डेटा तात्पुरता ठेवतो त्या जागेबद्दल, पत्रं येत आहेत. त्यातली पाच या वेळी घेतली आहेत. पहिल्या दोन पत्रांना जास्त जागा दिली आहे, कारण त्यांतल्या चुका फार ठिकाणी दिसतात आणि त्या शोधून काढताना माणसं उगाच राउटर बदलत बसतात.

प्रश्न : ताई, आमच्या फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डेटा घेणाऱ्या बाजूला मी एक ओळ वाढवली. सेटसॉकऑप्ट (सॉकेटचे पर्याय बदलणारा कॉल) वापरून एसओ_आरसीव्हीबफ, म्हणजे घेण्याचा बफर, ४ एमबी केला. दोन्ही यंत्रांवर लिनक्स आहे आणि त्यांच्यातला राउंड ट्रिप (जाऊन-येऊन लागणारा) वेळ साधारण १५० मिलिसेकंद आहे. आधी सेकंदाला १५ एमबीच्या पुढे वेग मिळत होता, आता १.४ एमबीवर अडकतो. एररही काही येत नाही. बफर वाढवल्यावर वेग कमी कसा होईल?

उत्तर : तुम्ही बफर वाढवलेला नाही, कमी केला आहे. कर्नलने ते तुम्हाला सांगितलं नाही, एवढंच. पत्रातले आकडे इतके नेमके आहेत की त्यांच्यावरूनच हिशोब मांडता येतो.

एसओ_आरसीव्हीबफ मागितला की लिनक्स आधी नेट.कोअर.आरमेम_मॅक्स ही मर्यादा बघतो. वर्षानुवर्षं बहुतेक यंत्रांवर ती २,१२,९९२ बाइट असते. तुम्ही मागितले ४१,९४,३०४. कर्नलने ते २,१२,९९२ वर कापले आणि शून्य परत दिला, म्हणजे ‘काम झालं’. मग त्या आकड्याची दुप्पट केली: ४,२५,९८४. विश्वास बसत नसेल तर त्या ओळीच्या लगेच खाली गेटसॉकऑप्टने तोच पर्याय वाचून छापा. हाच आकडा दिसेल.

दुप्पट का, तर कर्नल बफरचं माप बारदानासकट घेतो. प्रत्येक पॅकेटसोबत एसके_बफ नावाची नोंद असते, तिच्या शेपटीला आणखी एक रचना असते, आणि ड्रायव्हरने दिलेली मेमरी पूर्ण भरलेली नसली तरी ती सगळी खात्यात पडते. तुम्हाला हवा असतो निव्वळ माल, कर्नल मोजतो मालासकट पोतं. म्हणून तो मागितल्याच्या दुप्पट जागा धरतो आणि समोरच्याला विंडो जाहीर करताना ढोबळमानाने त्यातली निम्मीच सांगतो. ६.६ या आवृत्तीपासून हे ‘निम्मं’ ठरीव राहिलेलं नाही. प्रत्येक सॉकेटवर प्रत्यक्ष आलेल्या पॅकेटांवरून ते प्रमाण काढलं जातं. तुमचा आकडा मात्र जुन्या नियमात चपखल बसतो. विंडो झाली २,१२,९९२ बाइट. एका राउंड ट्रिपमध्ये विंडोपेक्षा जास्त माल येऊ शकत नाही, म्हणून २,१२,९९२ ला ०.१५ ने भागा. सेकंदाला १४.२ लाख बाइट. हेच तुमचे १.४ एमबी.

मग ती ओळ नसताना जास्त वेग कुठून येत होता? तेव्हा बफरचा आकार कर्नल स्वतः ठरवत होता. टीसीपीसाठी टीसीपी_आरमेम नावाचे तीन आकडे असतात: किमान, सुरुवातीचा आणि कमाल. कमाल आकडा कित्येक यंत्रांवर ६२,९१,४५६ असतो. त्याचं निम्मं म्हणजे ३१ लाखांच्या वर बाइट, आणि १५० मिलिसेकंदांवर त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ २१ एमबीपर्यंत जातो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ज्या क्षणी प्रोग्रॅम स्वतःहून एसओ_आरसीव्हीबफ लावतो, त्या क्षणी कर्नल त्या सॉकेटवर खूण करतो की हा आकार माणसाने बांधला आहे, आता याला हात लावायचा नाही. आपोआप वाढणं तिथेच बंद होतं. थोडक्यात, साठ लाखांपर्यंत वाढू शकणारा बफर तुम्ही सव्वाचार लाखांवर खिळवून टाकला.

आता माझं मत. मागणी गुपचूप कापायची आणि यश कळवायचं, हे मला पटत नाही. फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) अशा वेळी सरळ नकार देतो. तिथे मर्यादेपेक्षा जास्त मागितलं की सेटसॉकऑप्ट एनोबफ्स ही एरर देतं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं. लिनक्समध्ये हे वर्तन आता बदलणं अवघड आहे, कारण किती प्रोग्रॅम त्यावर विसंबून आहेत याला गणती नाही. म्हणून शहाणपण आपल्याकडे ठेवायचं: लावलं की परत वाचायचं, प्रत्येक वेळी.

दुरुस्ती सांगते. ती ओळ काढून टाका. मग कमाल आकडा तुमच्या वाटेला पुरतो का ते बघा. दोन यंत्रांमधली लाइन १ गिगाबिटची असेल तर १५० मिलिसेकंदांत वाटेत मावणारा माल होतो १,८७,५०,००० बाइट. बारदान धरून दुप्पट करा, म्हणजे पावणेचार कोटींच्या आसपास. टीसीपी_आरमेममधला तिसरा आकडा ४ कोटी ठेवलात तर पूर्ण लाइन वापरता येईल. पाठवणाऱ्या यंत्रावर टीसीपी_डब्ल्यूमेमचा तिसरा आकडाही तसाच वाढवावा लागेल. तो बऱ्याच ठिकाणी ४१,९४,३०४ असतो आणि फक्त एकच बाजू वाढवली तर दुसरी बाजू गळा आवळते.

इथे हमखास होणारी एक गल्लत. ‘वेग वाढवा’ म्हणून जे सल्ले फिरतात त्यांत आरमेम_मॅक्स वाढवायला सांगतात आणि तिथेच थांबतात. आपोआप वाढणाऱ्या टीसीपी बफरचा त्या आकड्याशी संबंध नाही, तो फक्त टीसीपी_आरमेमचा तिसरा आकडा मानतो. आरमेम_मॅक्स लागू होतो तो स्वतःहून मागणाऱ्या सॉकेटला.

हे आपोआप वाढणं चालतं कसं, तेही समजून घ्या, म्हणजे त्यावर विश्वास बसेल. तुमच्या प्रोग्रॅमने एका राउंड ट्रिपमध्ये बफरमधून किती बाइट उचलले हे कर्नल मोजतो आणि पुढच्या फेरीसाठी त्याच्या दुप्पट जागा ठेवतो. दुप्पट अशासाठी की सुरुवातीला पाठवणारा प्रत्येक फेरीत आपला वेग दुप्पट करत असतो, त्याच्या आड यायचं नाही. प्रोग्रॅम हळू वाचत असेल तर बफर उगाच फुगत नाही. लॉस अलामॉस प्रयोगशाळेतून २००१ च्या सुमारास डायनॅमिक राइट-सायझिंग या नावाने ही कल्पना मांडली गेली, लिनक्सने ती २.६ मालिकेत आणली आणि फ्रीबीएसडीत असं आपोआप वाढणं २००८ च्या ७.० मध्ये आलं. त्याआधीच्या काळात हाताने आकडा बांधणं गरजेचं होतं आणि त्या काळचे सल्ले अजून उतरवले जातात. तुमची ती ओळ तिथूनच आली असणार.

शेवटी पडताळा. पाठवणाऱ्या यंत्रावर एसएस ही आज्ञा टी, एम आणि आय हे पर्याय लावून चालवा. तुमच्या जोडणीच्या ओळीत आरडब्ल्यूएनडी_लिमिटेड असं दिसलं, तर समोरच्याच्या विंडोमुळे किती मिलिसेकंद थांबावं लागलं आणि ते एकूण वेळेच्या किती टक्के, हे तिथेच लिहिलेलं असतं. एसएनडीबफ_लिमिटेड दिसलं तर आपलाच पाठवायचा बफर तोकडा आहे. दोन्ही दिसत नसतील तर बफर निर्दोष आहे. अडचण पॅकेट हरवण्यात किंवा डिस्कमध्ये शोधा.

प्रश्न : शिकण्यासाठी मी एक छोटं कर्नल लिहितो आहे. त्यात टीसीपीचा बफर ६४ केबीला बांधलेला होता. तो सेटसॉकऑप्टने बदलता यावा अशी सोय केली. वरची मर्यादा बीएसडीसारख्या सूत्राने काढतो. आता दोन गोष्टी घडतात. ३२ बिटच्या बांधणीत कोणताही आकार मागितला तरी नकार येतो. आणि ६४ बिटवर, समोर फ्रीबीएसडी असताना, चालू जोडणीचा बफर वाढवला की कधीकधी पाचेक सेकंद सगळं थबकतं आणि मग आपोआप सुरू होतं.

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. असं काम हाताने केल्याशिवाय या गोष्टी अंगी मुरत नाहीत.

पहिली चूक गुणाकारात आहे. बीएसडीचं सूत्र असं: एकूण कमाल मेमरीला क्लस्टरच्या (डेटा ठेवायच्या मेमरीच्या तुकड्याच्या) आकाराने, म्हणजे २,०४८ ने, गुणायचं आणि २५६ अधिक २,०४८ म्हणजे २,३०४ ने भागायचं. २५६ बाइटचा एमबफ (त्या तुकड्याची नोंद ठेवणारी रचना) हे इथलं बारदान. कमाल मेमरी फ्रीबीएसडीसारखी २०,९७,१५२ ठेवली असेल तर उत्तर १८,६४,१३५ यायला हवं. पण २०,९७,१५२ म्हणजे दोनाचा एकविसावा घात आणि २,०४८ म्हणजे अकरावा. गुणाकार बरोबर दोनाचा बत्तिसावा घात होतो. ३२ बिटच्या बिनचिन्ह संख्येत त्यातलं काहीच उरत नाही, शून्य उरतो. मर्यादा शून्य झाली की प्रत्येक मागणी जास्तच ठरणार. फ्रीबीएसडीच्या कोडमध्ये या गुणाकाराआधी ६४ बिटचा कास्ट (संख्येचा प्रकार बदलणं) आहे तो याचसाठी. आधी भागून मग गुणण्याचा मोह टाळा, त्यात अचूकता जाते. सरळ ६४ बिटमध्ये गुणा.

दुसरी चूक ओळखू येते ती त्या पाच सेकंदांवरून. समोरच्या फ्रीबीएसडीला तुमची विंडो शून्य झालेली दिसली की तो पर्सिस्ट टायमर लावतो, आणि त्याची किमान मुदत तिथे पाच सेकंद असते. मुदत संपली की तो एक बाइटची चाचपणी पाठवतो, तुमचं कर्नल उत्तरात नवी विंडो सांगतं आणि गाडी सुरू होते. याचा अर्थ बफर वाढवल्यावर जागा मोकळी झाली, पण ती झाल्याचं तुम्ही समोरच्याला कळवलंच नाही. प्रोग्रॅमने बफरमधून वाचल्यावर विंडो अपडेट पाठवायचा कोड तुम्ही लिहिला असणारच. तोच सेटसॉकऑप्टच्या वाटेवरूनही बोलवा.

बोलवताना दोन पथ्यं पाळा. मोकळी झालेली जागा एक पूर्ण सेगमेंट (टीसीपीच्या एका पॅकेटात मावणारा डेटा) किंवा निम्मा बफर, यांतलं जे लहान असेल तेवढी झाल्याशिवाय अपडेट पाठवू नका, नाहीतर समोरचा चिमूटभर डेटाची पॅकेटं पाठवत बसतो. या सिली विंडोच्या रोगावर १९८२ मध्येच आरएफसी ८१३ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज लिहिला गेला आणि १९८९ च्या आरएफसी ११२२ ने उपाय नियमात आणला. दुसरं, बफर कमी करायची मागणी आली तर एकदा जाहीर केलेल्या विंडोची उजवी कड मागे ओढू नका. समोरच्याने त्या भरवशावर माल वाटेला लावलेला असतो. नवा लहान आकार नोंदवून ठेवा आणि आलेला माल जसा भरेल तशी विंडो आपोआप आकसू द्या.

तुमच्या पत्रात नाही, पण पुढे नक्की आड येईल असं एक सांगते: किमान मर्यादा. कमाल आकड्याचा विचार सगळे करतात, किमानाचा फार थोडे. घेणारा साधारणपणे दोन पूर्ण सेगमेंट आल्यावर पोच देतो, नाहीतर आपल्या टायमरची वाट बघतो. जुन्या बीएसडी घराण्यात तो टायमर २०० मिलिसेकंदांचा असे. पाठवणाऱ्याच्या बफरमध्ये दोन सेगमेंट मावतच नसतील तर प्रत्येक फेरीला एक टायमर वाया जातो. १९९० च्या दशकात एटीएम या नेटवर्क-तंत्राच्या जाळ्यांवर ९,१८० बाइटचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) आला तेव्हा हेच झालं. इथरनेटच्या १,५०० बाइटच्या हिशोबाने ठेवलेले बफर तिथे तोकडे पडले, आणि वेगवान लाइनवर डेटा मुंगीच्या पावलांनी सरकू लागला. तुमच्या लूपबॅकचा (यंत्राच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीचा) एमटीयू किती आहे ते तपासा. लिनक्समध्ये तो ६५,५३६ असतो. तुम्हीही तेवढाच ठेवला असेल तर ६४ केबीच्या बफरमध्ये दुसऱ्या सेगमेंटला जागाच नाही. किमान मर्यादा बाइटमध्ये बांधू नका, सेगमेंटच्या पटीत बांधा. मी चार सेगमेंट ठेवते.

मेमरीचा हिशोब मात्र दोन खात्यांत ठेवा, एकात मालाचे बाइट आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष अडकलेली मेमरी. बीएसडीत सॉकबफ या रचनेत ही दोन खाती शेजारी शेजारी दिसतील. एकच ठेवलंत तर एक-एक बाइटची पॅकेटं पाठवणारा कुणीही तुमचं कर्नल झोपवू शकतो.

प्रश्न : आमच्याकडे शेकडो मोजणी-यंत्रं यूडीपीने (टीसीपीसारखी पोच न घेणाऱ्या पद्धतीने) १०० बाइटचे निरोप पाठवतात, बरेचसे एकाच क्षणी. मध्येच काही निरोप गायब होतात. बफर २०८ केबीचा आहे, म्हणजे दोन हजारांहून जास्त निरोप मावायला हवेत. मावत का नाहीत?

उत्तर : कारण २०८ केबी ही मेमरीची मोजणी आहे, निरोपांची नाही. २,१२,९९२ हा विचित्र वाटणारा आकडा आला कुठून ते बघा. कर्नल लिहिणाऱ्यांनी २५६ बाइटचं एक पॅकेट धरलं. ६४ बिट यंत्रावर बारदानासकट ते ८३२ बाइटचं होतं. अशी २५६ पॅकेटं मावावीत म्हणून ८३२ गुणिले २५६, म्हणजे २,१२,९९२. तुमचा निरोप १०० बाइटचा असला तरी मेमरी साधारण याच घरात खर्च होते. ड्रायव्हरने प्रत्येक पॅकेटला मेमरीचं अर्धं पान दिलं तर २,००० च्या वरही जाते. तेव्हा दोन हजार विसरा, अडीचशेच्या आसपास धरा. शेकडो यंत्रं एका क्षणी बोलली की बफर भरलाच.

यूडीपीला विंडो नाही आणि आपोआप वाढणंही नाही, त्यामुळे इथे हाताने आकडा बांधणं योग्य आहे. आधी आरमेम_मॅक्स वाढवा, मग प्रोग्रॅममध्ये एसओ_आरसीव्हीबफ मागा, मग परत वाचून खात्री करा. एकाच वेळी येणारे निरोप गुणिले प्रत्यक्ष बारदानी वजन, वर थोडी सैल जागा. निरोप खरंच इथेच पडतात का, हे एनस्टॅट या आज्ञेतल्या यूडीपी-आरसीव्हीबफ-एरर्स या मोजणीवरून कळतं. ती वाढत नसेल तर निरोप वाटेत कुठेतरी हरवताहेत आणि बफर कितीही वाढवून उपयोग नाही.

मोठा बफर लोंढा झेलतो, सततची तूट झेलत नाही. वाचणारा प्रोग्रॅम सरासरीतच मागे पडत असेल तर आज अडीचशेला सांडणारं उद्या अडीच हजाराला सांडेल. लिनक्समध्ये २.६.३३ पासून आरसीव्हीएमएमएसजी आहे, एका कॉलमध्ये अनेक निरोप उचलता येतात. ते वापरा, आणि निरोप डेटाबेसमध्ये लिहायचं काम वाचणाऱ्या थ्रेडमधून बाहेर काढा.

प्रश्न : आमच्या सर्व्हरवर दहा हजार जोडण्या असतात. टीसीपी_आरमेमचे तिन्ही आकडे १६ एमबी करून टाकले तर?

उत्तर : करू नका. तिसरा वाढवायला हरकत नाही, ते फक्त छप्पर आहे आणि माल आल्याशिवाय मेमरी जात नाही. पण पहिला म्हणजे मेमरीची टंचाई असतानाही प्रत्येक सॉकेटला दिलेली हमी, आणि दुसरा म्हणजे सुरुवातीचा आकार. एखाद्या मंद प्रोग्रॅमने वाचणं थांबवलं की सुरुवातीपासूनच १६ एमबी साचायची मुभा मिळते. दहा हजारांनी गुणलंत तर १६० जीबी. सगळ्या टीसीपी सॉकेटांची मिळून मर्यादा टीसीपी_मेममध्ये असते आणि ती बाइटमध्ये नव्हे, पानांमध्ये लिहायची असते. बहुतेक यंत्रांवर एक पान ४,०९६ बाइटचं. इथे बाइट समजून आकडा टाकला की मर्यादा चार हजार पटींनी चुकते आणि तिचं असणं-नसणं सारखंच होतं.

प्रश्न : आम्ही स्क्रीन दुसऱ्या यंत्रावर दाखवतो. डब्ल्यूमेम_मॅक्स वाढवून पाठवायचा बफर २ एमबी केला, कारण चित्र अडखळत होतं. आता अडखळत नाही, पण माउस हलवल्यावर दीड-दोन सेकंदांनी दिसतं. लाइन १० मेगाबिटची आहे.

उत्तर : २ एमबी म्हणजे १ कोटी ६७ लाख बिट. १० मेगाबिटच्या लाइनवर ते जायला १.७ सेकंद लागतात. माउसची हालचाल त्या रांगेच्या शेपटीला उभी राहते, म्हणून उशीर. बांधलेला एसओ_एसएनडीबफ काढा, आकार कर्नलला ठरवू द्या आणि त्या सॉकेटवर टीसीपी_नॉटसेंट_लोवॅट लावा, ६४ केबीपासून सुरुवात करून बघा. लिनक्समध्ये हा पर्याय ३.१२ पासून आहे. वाटेत असलेला, पोच न आलेला माल याने कमी होत नाही, म्हणून वेग टिकतो. अजून निघालेलाच नाही असा साठा तेवढा आटतो. इपोल (सॉकेट तयार झाला की कळवणारी लिनक्सची सोय) सॉकेट लिहिण्याजोगा आहे असं तेव्हाच सांगतो, जेव्हा न निघालेला साठा या मर्यादेच्या खाली असतो. प्रोग्रॅमची रचना मात्र त्याप्रमाणे हवी: इपोलने हिरवा कंदील दिल्यावर स्क्रीन टिपा आणि लगेच पाठवा. आधीच टिपून ठेवून मग वाट बघाल तर रांग कर्नलमधून तुमच्या प्रोग्रॅममध्ये येईल आणि उशीर तेवढाच राहील.